मुका खांब

शेवडेबाई कुणाचाही हात हातात घ्यायच्या तेव्हा आधी नाव विचारायच्या नाहीत. मनगट उचलून सरळ कानाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, बोलतोय." त्यानंतर नाव, गाव, घरी कोण कोण आहे आणि काल पाणी किती प्यायलात याची उलटतपासणी. माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, हात त्यांनी पहिल्याच दिवशी असा ओढून घेतला. अण्णा सत्तरीचा, सगळा जन्म भिडेत गेलेला. परक्या बाईने आपला हात कानाला लावला याने तो इतका गडबडला, की वजन करायचं विसरून तसाच खुर्चीत जाऊन बसला.

हे सगळं रत्नागिरीतल्या एका रुग्णालयाच्या डायलिसिसच्या खोलीतलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. मी तहसील कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. अण्णाची किडनी गेली, पाठोपाठ साखरेने डोळेही अधू झाले, तेव्हापासून त्याला नेणं-आणणं माझ्याकडे. ज्यांचं नशीब बरं त्यांच्या घरात हे शब्द येत नाहीत, म्हणून सांगतो. हातातली धमनी आणि शीर डॉक्टर आतल्या आत जोडून देतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यातून रक्त जोरात वाहतं, म्हणून मशीनला पुरतं. वर बोट ठेवलं तर थरथर लागते, कान लावला तर गुणगुण ऐकू येते. आमच्या पाळीत कुणी फिस्टुला म्हणत नसे, सगळे भुंगा म्हणत. नाव अर्थात बाईंनी पाडलेलं. भुंगा बोलतोय तोवर माणूस खुर्चीत बसणार, रक्त धुऊन घेणार आणि घरी जाणार. भुंगा गप्प झाला की सगळंच अडलं.

बाई स्वतः त्याच पाळीतल्या, तीन नंबरच्या खुर्चीतल्या. मुलींच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिवण आणि विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. शरीराने चिमुकल्या, आवाजाने नव्हे. सहा वर्षं मशीनवर काढल्यामुळे नव्या माणसाला तिथल्या डॉक्टरांपेक्षा त्यांचाच आधार वाटे आणि भीतीही त्यांचीच वाटे.

रत्नागिरीत थंडी अशी कितीशी पडते? डिसेंबरात पहाटे चार दिवस अंगावर चादर ओढावीशी वाटते, एवढंच. पण त्या खोलीत बारा महिने पौष असायचा. मशीनसाठी एसी लावलेला, त्यात चार तास हात हलवायचा नाही. भुंग्याच्या हाताला तर रक्त आधीच कमी पोचतं, त्यामुळे बोटं बर्फासारखी पडत. बाईंनी यावर इलाज काढला होता तो क्रोशाचा. बिनबोटांचे लोकरीचे हातमोजे, तळव्याच्या मध्यापासून मनगटापर्यंत. त्यांना त्या मनगट्या म्हणायच्या.

मनगट्यांचं शास्त्र त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की सुई न धरताही मी ते सांगू शकतो. सगळं काम मुक्या खांबांचं. क्रोशात खांब उंच असतो आणि मुका खांब बुटका. प्रत्येक ओळीत टाक्याचा फक्त मागचा धागा उचलायचा, म्हणजे उभ्या वळ्या उठतात. हात घातला की वळ्या फाकतात, काढला की मिटतात. भुंग्याच्या हाताची मनगटी जास्तच सैल, आणि तिच्यावर बारीक बोंडांची एक रांग, म्हणजे अण्णासारख्या अधू डोळ्यांच्या माणसालाही बोटाने चाचपून कळावं, ही कुठल्या हाताची. शेवटी काठाला एक ओळ, की झालं. मग बाई ती मनगटी स्वतः चढवायच्या आणि काठाखाली आपली दोन बोटं सरकवायच्या. दोन बोटं सहज फिरली तरच मनगटी तुमची. टेक्निशियन प्रसाद सुरुवातीला त्या हातावर दोराही बांधू देत नसे, घड्याळ नाही, बांगडी नाही. बाईंनी त्याच्याच मनगटावर प्रयोग करून दाखवला तेव्हा कुठे तो गप्प बसला.

लोकर कुठून यायची, तर लोकांच्या कपाटांतून. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी प्रेमाने दिलेले स्वेटर आपल्याकडे डांबराच्या गोळ्या खात पडलेले असतात. बाई नव्या माणसाला तिसऱ्या दिवशी विचारायच्या, "घरात स्वेटर आहे? घालता कधी? मग आणा की मेला तो!" तो उसवायचा, उकळत्या पाण्यात घालायचा, वाळवून गुंडे करायचे. साळवी स्टॉपकडच्या एका वकिलांचा परदेशी स्वेटर आमच्या पाळीत सात जणांच्या हातात गेला. वकीलसाहेब पुढे कधीतरी तो मागायला आले होते म्हणतात.

अण्णाने पहिल्यांदा नाहीच म्हटलं. "बायकी दिसतं," म्हणाला.

"कुणाला दिसतं?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला तर दिसत नाही."

मला राग आला. अधू माणसाला असं बोलतात का? पण अण्णा दोन वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसला आणि दोन्ही हात पुढे केले. माझा राग तसाच राहिला, कुठे ठेवावा ते कळेना.

चुकीच्या बाबतीत मात्र बाईंना दयामाया नव्हती. तिथली एक सिस्टर त्यांच्याकडे शिकायची. बिचारीने जेवणाच्या सुट्टीत बसून अकरा ओळी घातल्या आणि कौतुकाने दाखवायला आणल्या. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, चौथ्या ओळीवर नख ठेवलं आणि धागा धरून सरसर सगळं उसवलं. सिस्टरचे डोळे भरले. मी मध्ये पडलो. म्हटलं, "बाई, चाललं असतं हो एवढं."

"चालतात ते पाय," बाई म्हणाल्या. "टाका बरोबर असतो, नाहीतर उसवायचा असतो. तुमच्या कचेरीत चालत असेल, कारकूनसाहेब."

त्यांच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी, आता स्वतःच आज्या झालेल्या, भेटायला यायच्या. त्याही सांगत की बाईंनी चुकलेल्या टाक्याला कधी बरोबर म्हटलं नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या बायकोने केलेला रुमालही त्यांनी साहेबांसमोर उसवायला घेतला होता. यात थोडं तिखटमीठ असेल, पण फार नसावं.

बोटं उघडी का ठेवता, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर पुढच्याच आठवड्यात मिळालं. सगळे पेंगत होते, प्रसाद कोपऱ्यात नोंदी करत होता. बाई एकदम ओरडल्या, "प्रसाद! पाच नंबर! नखं बघ त्याची!" पाच नंबरचे गृहस्थ शांत झोपल्यासारखे दिसत होते, पण नखं निळी पडली होती. रक्तदाब पार खाली गेला होता. प्रसादने धावत जाऊन खुर्ची आडवी केली, सलाईन सोडलं, सिस्टर आली. त्यात दहा मिनिटं गेली. गृहस्थ शुद्धीवर आल्यावर बाई म्हणाल्या, "झाकली असती बोटं तर कळलं असतं का?"

आता बाई नाहीत. आणखीही एक म्हातारी आता नाही, जिच्यासाठी मी पुढची हकिगत इतके दिवस पोटात ठेवली. म्हणून आता सांगतो.

सुधाकर आमच्या पाळीत आला तो राजापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातून. मुंबईत हॉटेलात स्वयंपाकी होता. किडनी गेल्यावर गावी परतला. चाळिशीचा, शांत. त्याच्या शिरा बारीक. दोनदा फिस्टुला केला तो धरला नाही, तिसऱ्यांदा डाव्या मनगटाला धरला. तेव्हा डॉक्टरांनी सर्वांदेखत सांगितलं होतं, "सुधाकर, हा जप. हा गेला तर उजव्या दंडात एक जागा दिसते, पण तिची खात्री मी देत नाही." त्यामुळे त्या डाव्या हाताला तो ताटाशीसुद्धा जपून न्यायचा. गावातून पहाटेच्या पहिल्या एस. टी.ने निघायचा, सोबत बायको वैशाली. खिडक्यांच्या काचा कुठे लागतात आपल्या गाड्यांच्या? डिसेंबरात दोघं उतरत तेव्हा सुधाकरची बोटं पांढरी पडलेली असत.

वैशालीला क्रोशाची सुई धरता येत होती. बाईंना एवढं पुरलं. "मग तूच कर त्याच्यासाठी. मी किती जणांचं करू?" म्हणाल्या आणि मला बसवलं लिहायला, कारण माझं अक्षर बरं. बाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो; वळ्यांच्या दोन ओळी त्यांनी तिच्यासमोर घालूनही दाखवल्या. बत्तीस साखळ्या. मागच्या धाग्यातून मुके खांब, इतक्या ओळी. बोंडांची रांग. शेवटी काठाला मुक्या खांबांची एक ओळ, सैल हाताने. मी दोन वेळा वाचून दाखवलं, बाईंनी मान हलवली, वैशालीने कागद चौघडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. बाईंनी बजावलं, "झाली की आधी इथे आण. मी बोटं घातल्याशिवाय हातात चढवायची नाही."

"हां बाई," वैशाली म्हणाली.

शनिवारनंतर मंगळवार येतो, मध्ये दोन दिवस. त्या दोन दिवसांत वैशालीने जोडी पुरी केली. मंगळवारी पहाटे थंडी जरा जास्त होती. बाईंना हातात घातलेलीच दाखवू, चकित होतील, असं तिला वाटलं. तिने नवऱ्याच्या दोन्ही हातांत मनगट्या चढवल्या, वरून सदऱ्याच्या बाह्या ओढल्या. गाडीत सुधाकरला झोप लागली. हात मांडीवर दुमडलेला राहिला.

मी अण्णाचं वजन करून घेत होतो तेव्हा ते दोघं आत आले. सुधाकरचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. कुणाकडे न बघता तो सरळ तीन नंबरच्या खुर्चीपाशी गेला आणि हात पुढे करून म्हणाला, "बाई, भुंगा गप हाय. लांज्याला जाग आली तवापासनं."

बाईंनी बाही वर केली. मनगटी सुरेख झाली होती, वळ्या सरळ, बोंडं एकसारखी. बाईंनी काठाखाली बोट घालून बघितलं. एकच बोट गेलं, तेही अडकत. त्यांनी मनगटी हळूच काढली. खाली कातडीवर काठाची लाल रेघ उमटली होती. त्यांनी हात कानाला लावला, डोळे मिटले. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी हात काढला, पुन्हा लावला. दुसऱ्या कानाला लावला. मग प्रसादकडे बघितलं.

प्रसादने नळी लावून ऐकलं आणि डॉक्टरांना फोन केला. खोलीत जितके होते तितक्या सगळ्यांची बोटं आपापल्या मनगटावर गेली, न ठरवता. अण्णाचीही.

डॉक्टर आले. म्हणाले, गुठळी झाली आहे, ताबडतोब कोल्हापूरला न्या, काही तासांच्या आत मोकळी झाली तर झाली. कशाने झालं, ते नक्की सांगता येणार नाही. रक्तदाब उतरला असेल, हात दुमडला असेल, हा पट्टाही असेल. शेवटचं वाक्य ते हळू बोलले, पण वैशालीने ते ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

गाडी यायला वीस मिनिटं होती. बाईंनी वैशालीकडून कागद मागून घेतला. मी वाचला. सगळं जागच्या जागी होतं, 'सैल हाताने' सुद्धा. बाईंनी पिशवीतून सुई आणि लोकर काढली आणि वैशालीपुढे धरली.

"मुका खांब घालून दाखव."

"बाई, आता काय हे!" मी म्हटलं. मला खरंच चीड आली. वैशालीचा नवरा तिथे बाकावर बसला आहे आणि ह्या तिची परीक्षा घेतात!

"तुम्ही गप्प बसा. घाल गो."

वैशालीने रडत रडत सुई धरली. सुई टाक्यात घातली, धागा पकडला आणि एकाच दमात सगळ्यातून बाहेर ओढून घेतला. झाला टाका. बाई बघतच राहिल्या.

बाईंच्या मुक्या खांबात धागा आधी टाक्यातून आणायचा, सुईवर दोन वेढे होतात, मग पुन्हा धागा घेऊन दोन्हीतून काढायचा. त्या दुसऱ्या वेढ्यामुळे टाक्याला जीव राहतो, तो ताणला जातो. वैशालीने घातला त्याला बाईंच्या शाळेत जोडटाका म्हणत, दोन तुकडे जोडायला वापरत. तो दोरीसारखा बसतो. तुम्ही हात कितीही सैल ठेवा, गच्च काठ गच्चच होणार. वळ्यांमधल्या ओळी बाईंनी तिच्यासमोर घालून दाखवल्या होत्या, त्या तिने बघून घातल्या. काठ तेवढा कागदावरून घातला. कागदावर 'मुका खांब' होता आणि तिला जो मुका खांब ठाऊक होता तो तिने घातला.

"हा तुला मुका खांब म्हणून कुणी शिकवला?" बाईंनी विचारलं.

वैशालीने खाली बघितलं. "गावातच," म्हणाली.

बाई उठल्या. डॉक्टर, प्रसाद, सिस्टर, आम्ही सगळे होतो. मोठ्याने म्हणाल्या, "हिचं काही चुकलेलं नाही. एका नावाचे दोन टाके असतात आणि मी तिला विचारलं नाही, तुमच्याकडे मुका म्हणजे काय. शिक्षिका मी आहे. चूक माझी." सुधाकर बाकावरून म्हणाला, "बाई, आसू दे हो." गाडी आली. दोघं गेली.

आणि बाईंना मशीनवर बसावं लागलं. याहून वाईट चार तास मी पाहिले नाहीत. माणूस उठून येरझारा घालू शकत नाही, सुई धरू शकत नाही, कुणाला धड फोन करू शकत नाही. मशीनच्या दोन सुया हातात आणि नजर घड्याळावर. बाई विचारत, आंबा घाट उतरले का? उतरले नाही बाई, चढायचा असतो इकडून. पोचले का? अजून नाही. मी काचेच्या दारातून आत-बाहेर करत राहिलो. वैशालीचा फोन लागत नव्हता, घाटात रेंज नसते. दोन तासांनी बाईंचा रक्तदाब घसरला. प्रसाद म्हणाला, आज इथेच थांबवू. त्या म्हणाल्या, "हात लावू नकोस. बाकीचे दोन तास कोण बसणार, तू?" ज्यांच्या हातात मनगट्या होत्या त्यांनी एकेक करून काढून मांडीवर ठेवल्या होत्या. बाईंना त्या सगळ्या दिसत होत्या.

मशीन सुटायच्या वेळी वैशालीचा फोन आला. आत घेतलंय, एवढंच. गुरुवारी कळलं की गुठळी निघाली होती, भुंगा एक दिवस बोलला आणि पुन्हा मिटला. आता मानेत नळी घातली आहे, तिच्यावर डायलिसिस कोल्हापुरातच करून घेतील, मग घरी सोडतील. दंडाचं पुढे बघू.

त्या दिवसापासून बाईंची पिशवी बंद झाली. दारावर सूचना लागली, हातात लोकरीचं काही घालू नये. बाईंनी ती दोनदा वाचली आणि प्रसादला म्हणाल्या, "योग्य केलंस." त्यांचा आवाज मला आवडला नाही.

नवव्या दिवशी, बुधवारी, माझा फोन वाजला. "कारकूनसाहेब, सुधाकर घरी आलाय. आज आपला वार नाही. मला त्याच्या गावाला घेऊन चला."

मी सगळी कारणं सांगितली. अडीच तासांची एस. टी., पुढे चढण, तुमची तब्येत. त्या म्हणाल्या, "त्याच्या घरी वैशालीशी कुणी बोलत नाही. काल तिचा फोन होता. सासू म्हणते, बायकोनेच नवऱ्याचा हात बांधला. माहेरी जा म्हणते. तुम्ही येत नसाल तर मी रहाटाघरच्या स्टँडवर जाऊन गाडीत बसते." बसल्या असत्या. मी गेलो.

घर चढणीवर होतं, चिऱ्याचं, पुढे सारवलेलं खळं म्हणजे अंगण. सुधाकर पडवीत खाटेवर होता, मानेला पांढरी पट्टी. वैशाली विहिरीवरून हंडा घेऊन आली, आम्हाला बघून जागीच थबकली आणि मागच्या दाराने आत गेली. सासू उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. वाळकी, ताठ. तिने "बसा" म्हटलं, ते घराच्या रीतीने. आमच्याकडे बघितलं नाही.

बाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. सरळ विषयाला हात घातला. मी शिकवणारी, कागद मी सांगून लिहवून घेतला, चूक माझी आहे, सुनेची नाही, हे सांगायला आले. म्हातारी तांदूळ निवडत राहिली.

"तुमी शिकल्याल्या बाय," ती म्हणाली. "तुमचा कसा चुकंल? हिनंच काय ता उलटा केला आसंल. मी म्हंते, हात हिचाच ना?"

बाईंनी पिशवी उघडली. नऊ दिवसांनी. समजावून सांगायचं म्हणून सुई आणि लोकर काढली, चार साखळ्या घातल्या. "हे बघा, हा मुका खांब..." म्हणून त्या सुरुवात करणार, तेवढ्यात म्हातारीने सूप बाजूला सरकवलं.

"माला काय दाखवता? हितं सगळ्या पोरींना म्याच शिकवलं. हिलाबी म्याच." तिने बाईंच्या हातातून सुई घेतली. बोटं वाकडी झालेली, पण सवय सुटलेली नव्हती. सुई आत घातली, धागा पकडला आणि एकाच दमात बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा. "ह्यो मुका खांब. माज्या आयेनं शिकवल्याला. हितं काय चुकतंय सांगा माला!"

दारात वैशाली उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि नऊ दिवस शिव्या खाऊनही तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. खाटेवर सुधाकर कोपरावर उठून बघत होता. मी बाईंना ओळखत होतो. तीस-पस्तीस वर्षं ज्या बाईने चुकीचा टाका खपवून घेतला नाही, तिच्यापुढे तो टाका होता. आणि त्या एक शब्द बोलल्या असत्या तर सून मोकळी झाली असती.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. म्हातारीच्या हातातला तो बोटभर तुकडा जवळ घेऊन बघितला. उलटा करून बघितला. फार वेळ बघितला असं मला वाटलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मुका खांब असाच असतो. हिने बरोबरच घातला. तिथे मुका खांब नकोच होता, दुसरा टाका हवा होता. मी सांगताना चुकले आणि ह्यांनी तसंच लिहिलं."

म्हातारी उठून उभी राहिली. आणि मग जे सुरू झालं ते अर्धा तास थांबलं नाही. "माज्या झिलाचा हात घालवलात तुमी! येवढ्या शिकल्याल्या, केस पांढरे झाले, आनि टाका सांगता येत न्हाय? मगे शिकवायला कशाला जाता वो लोकांच्या पोरींना? आनि तुमी, तुमी लिवलात! लिवताना डोळे फुटले व्हते?" मी तोंड उघडणार होतो, बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. त्या हात जोडून बसून राहिल्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. म्हातारीचा आवाज फाटला, ती रडायला लागली, पुन्हा बोलली, पुन्हा रडली. शेवटी पदराने तोंड पुसून ती उंबऱ्यावर बसली.

बऱ्याच वेळाने ती दाराकडे न बघता म्हणाली, "गो वैशाली, च्या टाक. लांबून आल्यात."

वैशाली आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग हुंदका आला, दाबून दाबून फुटलेला. सुधाकर खाटेवर आडवा झाला आणि त्याने डोळ्यांवर हात घेतला.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. वैशाली बांधापर्यंत पोचवायला आली. तिने बाईंचे दोन्ही हात धरले, ते सोडेना. बाई म्हणाल्या, "पुरे. त्याची मानेची पट्टी ओली होऊ देऊ नकोस. जा."

उतरणीवर मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, तुम्ही त्या टाक्याला बरोबर म्हणालात?"

त्या थांबल्या. दम लागला होता. वाटेच्या कडेच्या गडग्याला, चिऱ्याच्या कुंपणाला धरून त्या उभ्या राहिल्या.

"अहो, ती त्याची आई आहे," म्हणाल्या. "आणि तुम्ही कुठे बोललात तर बघा."

एस. टी. वळणावर दिसली. मी हात केला. गाडीत त्या खिडकीशी बसल्या, मी मागच्या बाकावर. राजापूर येईपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही. डोकं काचेला टेकलं होतं आणि खांदे हलत होते, गाडीच्या धक्क्याने म्हणावं तर रस्ता तिथे चांगला आहे.